कटात सामील प्रेक्षक

वॉशिंग्टनमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी चालू आहे. मान्यवरांच्या रांगेत बसलेला एक काँग्रेस सदस्य मान किंचित वळवतो आणि आपल्याशी बोलू लागतो. सत्तेचा व्यवहार जमीनजुमल्यासारखाच, असं त्याचं म्हणणं. सगळा भाव जागेला, आणि उगमाच्या जितकं जवळ तितकी किंमत जास्त. शेकडो वर्षांनी कुणी हे चित्रीकरण पाहिलं तर चौकटीच्या अगदी कडेला कोण हसताना दिसेल, असं तो विचारतो. पुढच्या क्षणी तीच चौकट आपल्यासमोर येते. शपथ घेणारा मध्यभागी, आणि कडेला, नेमका तिथेच, हा. आपल्याकडे बघून तो हलकेच हात हलवतो.

‘हाऊस ऑफ कार्ड्स’च्या पहिल्या भागातला हा प्रसंग जेमतेम मिनिटभराचा आहे, पण मालिकेची सगळी रीत त्यात आली आहे. शपथ घेणाऱ्याला कॅमेरा दिसत नाही, व्यासपीठावरच्या कुणालाच तो दिसत नाही. तो फक्त फ्रँक अंडरवूडला दिसतो, आणि कॅमेऱ्यापलीकडे बसलेले आपणही फक्त त्यालाच दिसतो. इतक्या मोठ्या समारंभात त्याने विश्वासात घेतलं ते आपल्याला! हा मान सुखावतो, आणि पुढचे अनेक तास आपण या माणसासोबत काढणार हे तिथेच ठरून जातं.

नेटफ्लिक्सने १ फेब्रुवारी २०१३ रोजी या मालिकेचे पहिले तेराच्या तेरा भाग एकदम प्रेक्षकांच्या हाती ठेवले. दर आठवड्याला एक भाग, मग सात दिवस वाट, ही टीव्हीची जुनी शिस्त त्या दिवशी मोडली. मालिका रात्रभर जागून सलग पाहण्याची सवय जगाला लावण्यात ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चा वाटा फार मोठा. पण मूळ मालिका नेटफ्लिक्सची नव्हे. ती बीबीसीची, १९९० सालची, अवघ्या चार भागांची. दोन्ही मालिका पाठोपाठ पाहिल्या की एकच कट दोन देशांत, दोन वेगांनी कसा शिजतो ते दिसतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पडद्यावरच्या खलनायकाशी आपलं जे गूळपीठ जमतं, त्याचं पुढे काय होतं तेही उमगतं. त्या नात्याविषयीच हे लिहितो आहे, आणि त्यासाठी दोन्ही कथांमधली वळणं उघड करण्यावाचून इलाज नाही.

मूळ कादंबरी मायकेल डॉब्ज यांची, १९८९ची. डॉब्ज हे बाहेरून डोकावणारे लेखक नव्हते. मार्गारेट थॅचर यांच्या काळात हुजूर पक्षाच्या मुख्य कचेरीत ते वरच्या जबाबदारीवर होते, आणि १९८७च्या निवडणुकीतली पक्षांतर्गत धुसफूस त्यांनी आतून अनुभवली होती. अँड्र्यू डेव्हिस यांनी कादंबरीवरून पटकथा लिहिली आणि पॉल सीड यांनी दिग्दर्शन केलं. पहिला भाग १८ नोव्हेंबर १९९० रोजी दाखवला गेला. त्यात फ्रान्सिस अर्कर्ट नावाचा सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद थॅचरबाईंचा फोटो हाती घेऊन, कितीही झळाळती कारकीर्द झाली तरी तिला शेवट असतोच, असं आपल्याला ऐकवतो. दोनच दिवसांनी थॅचर यांच्या नेतृत्वासाठी पक्षात खरंखुरं मतदान झालं, आणि २२ तारखेला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. मालिकेचे उरलेले भाग ब्रिटिश प्रेक्षकांनी पाहिले ते असे, की दिवाणखान्यात बातम्या कुठे संपतात आणि नाटक कुठे सुरू होतं हे कळू नये.

प्रतोद हे पद मराठी वाचकाला आता चांगलं माहीत आहे. शिवसेनेत २०२२ साली फूट पडली तेव्हा खरा प्रतोद कुणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे प्रतोदाच्या हाती पक्षांतरबंदी कायद्याचा आसूड असतो, पक्षादेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. तिथल्या प्रतोदाला माणसं वळवावी लागतात ती आर्जवं करून, आमिष दाखवून, नाहीतर त्यांची गुपितं जपून. कोण पितो, कोण कर्जात बुडालाय, कुणाचं कुठे सूत जुळलंय, याची नोंद त्याच्यापाशी असते. म्हणजे ज्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक आणि जो स्वतः कधीच प्रकाशात येत नाही, असा हा माणूस. निवडणुकीनंतर मंत्रिपद देण्याचा शब्द नवा पंतप्रधान पाळत नाही, आणि मग हाच माणूस आपल्या गुपितांचं कपाट उघडतो. चार भागांत पंतप्रधान जातो. पाठोपाठ आरोग्यमंत्री, शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री असे एकेक प्रतिस्पर्धी, प्रत्येकाच्या स्वतःच्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून, बाजूला केले जातात.

प्रेक्षकाकडे वळून बोलणारा खलनायक ही युक्ती अर्थातच टीव्हीची नाही. शेक्सपिअरचा तिसरा रिचर्ड रंगमंचावर येतो तोच आपल्याशी बोलत, आणि पुढे काय करणार ते आधी आपल्याला सांगून मगच करतो. मराठी रंगभूमीलाही हे नवं नाही. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे इयागोची जातकुळी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकातच आली, आणि पुढे शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मुळे मॅकबेथ पतिपत्नीही. डेव्हिस यांनी हाच धागा उचलला आणि टीव्हीच्या पडद्यावर आणला. पडद्यावर त्याला वेगळीच धार येते. नाट्यगृहात नट हजार जणांकडे पाहून बोलतो. टीव्हीवर तो हातभर अंतरावरून एकट्या आपल्याकडे पाहतो. योगायोग असा की दोन्ही मालिकांच्या नायकांनी आधी रंगमंचावर तिसरा रिचर्ड साकारला होता. इयान रिचर्डसन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीत, आणि केव्हिन स्पेसी यांनी २०११ साली लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये, सॅम मेंडिस यांच्या दिग्दर्शनाखाली. दोघांच्याही नजरेत ती तालीम दिसते.

पण दोघांचं पाहणं किती वेगळं! रिचर्डसनचा अर्कर्ट खानदानी आहे. उच्चार स्वच्छ, सूट बेतलेला, शिकारीचा शौक. बैठकीत पंतप्रधान काही भाबडं बोलतात, आणि अर्कर्ट एक शब्दही न उच्चारता भुवई किंचित उचलून आपल्याकडे बघतो. झालं. आपण त्याच्याच वर्गातले, त्याच्याइतकेच जाणते, हे त्याने गृहीत धरलेलं असतं आणि ते नाकारण्याची आपली छाती होत नाही. त्याचं ते प्रसिद्ध उत्तर आठवा. पत्रकार मॅटी स्टोरिन एखादी शंका बोलून दाखवते, आणि तुम्हाला तसं वाटत असेल तर वाटो, त्यावर बोलणं आपल्याला शोभणार नाही, अशा अर्थाचं तो काहीतरी म्हणतो. हे बोलत असताना तो तिला हवा तो दुजोरा देऊन मोकळाही झालेला असतो. सभ्यतेचं एकही बंधन न मोडता केलेला हा घात इतका चपखल होता की खऱ्या ब्रिटिश राजकारण्यांच्या तोंडीही ते वाक्य बसलं.

स्पेसीचा अंडरवूड दक्षिण कॅरोलायनातल्या गॅफनीचा. पीचच्या बागा राखणाऱ्या, अपयशी बापाचा मुलगा. त्याच्यामागे घराणं नाही, शिकार नाही, शिष्टाचाराचं कवच नाही. तो आपल्याला बरोबरीचा मानत नाही, शागीर्द मानतो. समजावून सांगतो, धडे देतो. पैसा म्हणजे दहा वर्षांत मोडकळीला येणारा दिखाऊ बंगला, आणि सत्ता म्हणजे शतकानुशतकं उभी राहणारी दगडी इमारत, असा एक धडा दुसऱ्याच भागात येतो. अर्कर्टला सत्ता हवी असते कारण ती आपल्यासारख्यांकडेच असावी असं त्याला मनापासून वाटतं. अंडरवूडला ती हवी असते कारण लहानपणी त्याच्याकडे काहीच नव्हतं. ब्रिटिश मालिका वर्गाची गोष्ट सांगते, अमेरिकी मालिका भुकेची. रूपांतर जातिवंत असलं की असंच होतं. मूळ सांगाडा तोच राहतो, पण रक्त नव्या मातीचं वाहतं. ‘ती फुलराणी’ पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

रूपांतराची खरी कसोटी लागली ती राज्यघटनेपाशी. संसदीय पद्धतीत पंतप्रधान पाडायचा तर पक्षातलं बहुमत फिरवलं की पुरे. त्यामुळे अर्कर्टचं काम चार भागांत उरकतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरावीक मुदतीसाठी निवडलेला असतो, पक्ष त्याला घरी पाठवू शकत नाही. मग अंडरवूड काय करणार? अमेरिकी मालिकेचे कर्ते बो विलिमॉन आणि त्यांच्या लेखकांनी घटनेतलीच वाट शोधली. उपराष्ट्राध्यक्षाचं पद रिकामं झालं तर १९६७ साली संमत झालेल्या पंचविसाव्या दुरुस्तीनुसार राष्ट्राध्यक्ष नवं नाव सुचवतात आणि काँग्रेसची दोन्ही सभागृहं ते मंजूर करतात. सार्वत्रिक मतदानाची गरजच नाही. तेव्हा आधी उपराष्ट्राध्यक्षाला राज्यपालपदाच्या निवडणुकीत उतरायला लावून ती खुर्ची रिकामी करायची, तिथे स्वतः बसायचं, आणि मग राष्ट्राध्यक्षालाच महाभियोगाच्या उंबरठ्यावर नेऊन राजीनामा द्यायला भाग पाडायचं. हा निव्वळ कल्पनेचा खेळ नाही. जेराल्ड फोर्ड याच तरतुदीने १९७३ साली उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे राष्ट्राध्यक्ष. या दोन्ही पदांसाठी देशाने त्यांना कधी मत दिलेलं नव्हतं. अर्कर्टने चार भागांत गाठलेली खुर्ची अंडरवूडला गाठायला सव्वीस भाग लागले ते यामुळे. लांबी वाढली ती नेटफ्लिक्सच्या हौसेखातर वाढली असं वाटतं, पण पहिल्या दोन सीझनमध्ये तरी ती कथेने स्वतःच मागून घेतलेली आहे.

पहिल्या भागाची सुरुवात आता जवळून पाहू. अंधारात गाडीचा कर्कश आवाज, कुत्र्याचं केकाटणं. अंडरवूड घरातून धावत बाहेर येतो. शेजाऱ्यांचा कुत्रा गाडीखाली आला आहे. सुरक्षारक्षकाला तो शेजाऱ्यांना बोलवायला पिटाळतो आणि गुडघ्यांवर बसतो. मग आपल्याकडे पाहून सांगतो की दुःख दोन प्रकारचं असतं. एक माणसाला कणखर करतं, दुसरं नुसतंच सोसायचं असतं. निरुपयोगी गोष्टींसाठी आपल्याकडे सबुरी नाही. बोलता बोलता तो खाली हात घालतो. कुत्रा चौकटीत दिसत नाही. दिसतात अंडरवूडचे खांदे, चेहरा, त्यावरचा शांतपणा, आणि ऐकू येतो तो फक्त हळूहळू विझत जाणारा आवाज. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी इथे कॅमेरा खाली झुकवला असता तर आपण तोंड फिरवलं असतं, कदाचित मालिकाच बंद केली असती. त्यांनी तो चेहऱ्यावर रोखून धरला, म्हणून आपण कृत्य पाहत नाही, युक्तिवाद ऐकत राहतो. आणि तो युक्तिवाद आपल्याला पटतोसुद्धा! जनावर सुटलं बिचारं, असं म्हणून आपण मोकळे होतो. थोड्या वेळाने हाच माणूस शेजाऱ्यांना धीर देताना दिसतो, मग नववर्षाच्या मेजवानीत. सामील होण्याचा पहिला हप्ता आपण भरलेला असतो.

फिंचर यांनी दिग्दर्शित केलेले पहिले दोन भाग पुढच्या सगळ्या मालिकेला घडण देऊन गेले. निळसर करडी सावली, टेबलावरच्या दिव्यांचा पिवळा उजेड, क्वचितच हलणारा कॅमेरा, आणि त्यात अचूक कोनात बसवलेली माणसं. शीर्षकचित्रात वॉशिंग्टन शहर दिवसाकडून रात्रीकडे झपाट्याने सरकतं. पुतळे, पूल, रस्ते, गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा सगळं दिसतं, फक्त माणूस कुठे दिसत नाही. त्याखाली जेफ बील यांचं संगीत, खालून धडका देणारं आणि वरून तुतारीचा सूर लावणारं. भागांना नावं नाहीत, नुसते प्रकरणांचे क्रमांक आहेत. सीझन बदलला तरी क्रमांक पहिल्यापासून मोजत जातात. कादंबरी वाचताना आपण एक प्रकरण संपवून पुढचं उघडतो, तसंच इथे होतं. दर आठवड्याला वाट पाहायची नसल्याने मागील भागात काय घडलं हे पुन्हा सांगण्यात वेळ जात नाही, आणि लेखकांना प्रत्येक भागाच्या शेवटी ओढूनताणून धक्का द्यावा लागत नाही.

सलग पाहण्याचा फायदा असा की बारीक खुणा मनात रेंगाळतात. बोटातली अंगठी टेबलावर दोनदा ठोकण्याची अंडरवूडची सवय. रात्री उशिरा खिडकीपाशी उभं राहून नवराबायकोने एकाच सिगारेटचे झुरके घेणं, आणि त्या दोन-चार मिनिटांत दुसऱ्या दिवसाची चाल ठरणं. फ्रेडीच्या टपरीवजा खानावळीतली सकाळी सकाळी चापलेली बरगड्यांची प्लेट. या खुणा आठवड्याच्या अंतराने पाहिल्या असत्या तर लक्षात आल्याही नसत्या. सलग पाहताना त्या रागातल्या पकडीसारख्या परतून येतात, आणि एखादी आली नाही की काहीतरी बिनसलंय हे आधीच कळतं.

अमेरिकी रूपांतराने मूळ कथेपेक्षा खरोखर जास्त काही मिळवलं असेल तर ते काँग्रेस सदस्य पीटर रुसोमध्ये. ब्रिटिश मालिकेत त्याच्या जागी रॉजर ओनील आहे. पक्षाच्या प्रसिद्धीचं काम पाहणारा, कोकेनच्या आहारी गेलेला. अर्कर्ट त्याच्या कोकेनमध्ये उंदराचं विष मिसळतो आणि तो महामार्गावरच्या थांब्याच्या शौचालयात मरतो. वाईट वाटतं, पण फार नाही. रुसोला मात्र विलिमॉन यांनी फिलाडेल्फियाचा मतदारसंघ दिला, बंद पडणाऱ्या गोदीतले कामगार दिले, दोन लहान मुलं दिली, आणि दारू सोडण्याची खरी धडपड दिली. कोरी स्टोल यांनी ती भूमिका इतकी उघड्या मनाने केली आहे की हा माणूस आता उभा राहील असं आपल्याला वाटू लागतं. आणि त्याचं उभं राहणं हाच डाव आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, कारण अंडरवूडने ते आपल्याला सांगितलेलं असतं. रुसो प्यायला बसतो तेव्हा ओरडून त्याला सावध करावंसं वाटतं. अंडरवूड त्याला बंद गॅरेजमध्ये गाडीत बसवतो, हाताचे ठसे रुमालाने पुसतो, इंजिन चालू ठेवतो आणि दार ओढून घेतो. त्या क्षणी आपल्याजवळची सगळी माहिती निरुपयोगी ठरते. आधीपासून ठाऊक असणारा आणि काहीही न करणारा, असा तिसरा कुणीतरी त्या गॅरेजमध्ये आहे. तो म्हणजे आपण.

मग येतं चौदावं प्रकरण, दुसऱ्या सीझनची सुरुवात. माझ्या मते सबंध मालिकेतला हा सगळ्यात रेखीव भाग. पत्रकार झोई बार्न्स सत्याच्या अगदी जवळ आली आहे. अंडरवूड तिला मेट्रोच्या स्थानकात भेटतो, डोक्यावर हॅट, डोळ्यांवर चष्मा. झालं गेलं विसरून नव्याने सुरुवात करू, फोनमधल्या आपल्या जुन्या खुणा पुसून टाक, असं तो तिच्याकडून वदवून आणि करवून घेतो. ती स्वतःच्या हाताने पुरावा पुसते. तरीही तिचे प्रश्न थांबत नाहीत, आणि त्याच्या मागे ती आडोशाला जाते. गाडी येते. एक ओढ, एक ढकल, आणि तो चालू लागतो. संगीताचा आधार नाही, चेहऱ्यावर थांबणारा कॅमेरा नाही.

पण त्या भागाची खरी करामत धक्क्याच्या पलीकडे आहे. भागभर अंडरवूड आपल्याशी एक अक्षरही बोलत नाही. ज्याने प्रत्येक गुन्ह्याआधी आपल्याला विश्वासात घेतलं, त्याने सर्वांत मोठ्या गुन्ह्याची आपल्याला चाहूलही लागू दिली नाही. आपल्याला फसवलं जातंय हे झोईइतकंच आपल्यालाही उशिरा कळतं. शेवटी तो आरशासमोर उभा राहतो, आरशातून आपल्याकडे पाहतो आणि आपल्याला विसरला नव्हता असं सांगतो, जणू आपणच त्याची वाट पाहत होतो. आणि खरंच पाहत होतो! हा बोचरा अनुभव सलग पाहणाऱ्यालाच पुरता येतो. एक तरुण मुलगी गाडीखाली गेली, आणि आपल्या मनात रुखरुख होती ती या माणसाने आज आपल्याशी अबोला का धरला याची. अखेरच्या चौकटीत टेबलावर कफलिंकची जोडी पडलेली असते. एकावर त्याच्या नावाचं अक्षर, दुसऱ्यावर आडनावाचं. फ्रान्सिस अर्कर्टची आद्याक्षरंही तीच, आणि ती एकत्र वाचली की इंग्रजीत शिवी होते. डॉब्ज यांच्या मूळ कल्पनेला केलेला हा सलाम, आणि त्याच वेळी आपल्या तोंडावर मारलेली ती शिवीसुद्धा.

पत्रकाराच्या खुनाचा हाच प्रसंग मूळ मालिकेत संसदेच्या इमारतीच्या गच्चीवर घडतो. सुझॅना हार्करची मॅटी अर्कर्टवर भाळलेली आहे, त्याला ‘डॅडी’ अशी हाक मारते. तोच तिला कठड्यावरून खाली फेकतो. पण मॅटीच्या जवळचा टेपरेकॉर्डर चालू असतो, आणि तो कुणाच्या तरी हाती लागतो. कादंबरीत डॉब्ज यांनी अर्कर्टलाच मृत्यू दिला होता. डेव्हिस यांनी तो फिरवून मॅटीला मारलं आणि खुन्याला राजवाड्याकडे रवाना केलं, पण हिशेबाची एक चिठ्ठी मागे ठेवली. पुढच्या ‘टु प्ले द किंग’ (१९९३) आणि ‘द फायनल कट’ (१९९५) या दोन मालिकांमध्ये मॅटीची ती किंकाळी अर्कर्टच्या कानात पुन्हा पुन्हा घुमते, आणि आपल्याही. ब्रिटिश मालिकेत पुरावा शिल्लक राहतो, अमेरिकी मालिकेत बळीच्याच हाताने पुसला जातो. एका जगाचा अजून न्यायावर विश्वास आहे, दुसऱ्याचा उरलेला नाही. दोन मालिकांमधला सगळ्यात खोल फरक मला इथे दिसतो. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर जब्बार पटेलांनी केलेल्या ‘सिंहासन’मधला दिगू टिपणीस आठवतो तो इथेच. तोही सत्तेचा खेळ अगदी जवळून पाहतो. त्याला कुणी गच्चीवरून ढकलत नाही, पण पाहिलेलं सहन न होऊन तो वेडा होतो. पत्रकाराने जास्त पाहिलं की त्याची किंमत त्यालाच चुकवावी लागते, हे तिन्ही ठिकाणी सारखं.

नवऱ्यामागची बायको हा या कथेचा दुसरा कणा. डायान फ्लेचर यांच्या एलिझाबेथ अर्कर्टला संवाद मोजके, पण मॅटीच्या मोहाला वाट करून देण्याचा सल्ला तिचाच असतो. पुढे नवऱ्याची अब्रू वाचवण्यासाठी त्याचा जीव जाऊ देण्याचा निर्णयही तिच्याच संमतीने होतो. रॉबिन राइट यांची क्लेअर या बीजाचा वृक्ष आहे. तिची स्वतःची संस्था, स्वतःचं राजकारण, स्वतःचे घाव. राइट यांची सगळी कला आवरून धरण्यात आहे. आवाज चढत नाही, हात हलत नाहीत, नजर मात्र समोरच्याला तोलत राहते. पहिल्या सीझनमधल्या कामासाठी त्यांना गोल्डन ग्लोब मिळालं ते रास्तच. चौथ्या सीझनच्या शेवटच्या क्षणी फ्रँक आपल्याशी बोलत असताना शेजारी बसलेली क्लेअर संथपणे मान वळवते आणि तीही आपल्याकडे पाहते. इतके दिवस आपल्याला वाटत होतं की फ्रँकचं आणि आपलं गुपित दोघांतच आहे. तिला आपण इथे बसलोय हे माहीत होतं! अंगावर सर्रकन काटा येतो. पाचव्या सीझनमध्ये ती आपल्याशी बोलते, आणि आता पाळी तिची असल्याचं सांगते.

उतरण मात्र त्याआधीच लागली होती. शेक्सपिअरच्या रिचर्डचंही असंच होतं. मुकुट डोक्यावर येईपर्यंत तो प्रेक्षकाशी भरभरून बोलतो, मुकुट आला की बोलणं आटतं. चढायला पायरी उरली नाही की सांगायला बेतही उरत नाही. बीबीसीने हे ओळखलं. दुसऱ्या मालिकेत पंतप्रधान अर्कर्टच्या वर एक सज्जन राजा आणून बसवला, तिसऱ्यात थॅचर यांच्या कारकिर्दीचा विक्रम मोडण्याचा ध्यास आणि वाढत्या वयाची भीती उभी केली, आणि बारा भागांत चढ आणि उतार दोन्ही पुरे केले. अमेरिकी मालिका त्र्याहत्तर भागांपर्यंत गेली. तिसऱ्या सीझनपासून अंडरवूड व्हाइट हाऊसमध्ये आहे, रशियाच्या अध्यक्षांशी झुंजतो आहे, पण त्याचं आपल्याकडे पाहणं हळूहळू सवयीचं झालं आहे. त्यात जोखीम राहिली नाही. सलग पाहण्याची सवय इथे आपल्यावरच उलटते. काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप सुरू होतो, आणि आपण आवडीने नव्हे तर नुसत्या ओघाने पाहत राहतो.

त्यातच २०१७ साली स्पेसी यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले आणि त्यांना मालिकेतून वगळण्यात आलं. पुढे २०२२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दिवाणी खटल्यात आणि २०२३ मध्ये लंडनमधल्या फौजदारी खटल्यात ज्युरीचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण मालिकेपुरता तो अध्याय संपला होता. २०१८चा आठ भागांचा शेवटचा सीझन क्लेअरच्या खांद्यावर पडला आणि तो घाईत शिवल्यासारखा वाटतो. तरीही राइट यांनी शेवटच्या दृश्यात जे केलं त्याला दाद द्यायलाच हवी. फ्रँकचा विश्वासू डग तिच्या हातून मरतो, आणि त्याला शांत करताना ती दुःख संपल्याचं सांगते. पहिल्या भागातल्या त्या कुत्र्याचं मरण इथे माणसाच्या वाट्याला येतं. फक्त या वेळी आपल्याला कुठलाही युक्तिवाद ऐकवला जात नाही, आणि ऐकवला असता तरी तो पटला नसता. इतक्या भागांनी आपल्यात काही फरक पडला असेल तर तो हाच.

अंडरवूडची भूल किती जबर होती याची एक खूण व्हाइट हाऊसमधलीच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या प्रमुखांच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी, प्रत्यक्षात कामं इतक्या निर्दयपणे आणि इतक्या झटपट झाली असती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचे उद्गार काढले. बोलणं हसण्यावारीच होतं. पण गोष्टीचा वर्मी लागणारा भाग त्यात बरोबर आला. अंडरवूड आपल्याला आवडतो तो कामं करून दाखवतो म्हणून. शिक्षण विधेयक अडतं, तो ते सोडवतो. मतं कमी पडतात, तो ती जमवतो. चर्चा, समित्या, समजुती, तडजोडी यांच्यात रखडणाऱ्या लोकशाहीला कंटाळलेल्या माणसाला असा कर्तबगार दुष्ट फार जवळचा वाटतो. विधेयक कशाबद्दल होतं ते मालिका संपल्यावर आपल्याला आठवतही नाही. डाव कसा टाकला ते मात्र चौकटीनिशी आठवतं.

म्हणून मला ही मालिका मोठी वाटते, तिच्या उत्तरार्धासकट. भ्रष्ट राजकारणी वाईट असतो हे सांगणाऱ्या कलाकृती पुष्कळ आहेत, आणि त्या पाहताना आपण सुखरूप दुसऱ्या बाजूला बसलेलो असतो. ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ ती दुसरी बाजूच शिल्लक ठेवत नाही. ज्यांना वेळ असेल त्यांनी आधी बीबीसीचे चार भाग पाहावेत, एका संध्याकाळी पाहून होतात, आणि मग विलिमॉन-फिंचर यांचे पहिले दोन सीझन सलग. खलनायकावर आपण कधी भाळलो, कुठल्या युक्तिवादाला मान डोलावली, कोण मेल्यावर आपल्याला वाईट वाटलं आणि कोण मेल्यावर नाही, याचा हिशेब मनात मांडत पाहावेत. जे सरकार आपण निवडतो, त्याच्या धडाडीचं कौतुक करताना त्या धडाडीखाली कोण आलं हे विचारायची सवय लागली, तर इतक्या रात्री जागल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.